शंखाची गोष्ट: पेडर रोड ते प्रभादेवी

मुंबईचा फिल्म फेस्टिवल म्हटलं की दहापैकी नऊ जण 'मामी' म्हणतात. बरोबरच आहे. मामी १९९७ मध्ये सुरू झाला, हृषीकेश मुखर्जींसारखी माणसं त्याच्या मागे होती, आणि २०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला तिथला गोल्डन गेटवे मिळाला तेव्हा मराठी माणसाने उगाचच का होईना, कॉलर ताठ केली होती.

पण मुंबईचा आणखी एक आंतरराष्ट्रीय महोत्सव आहे. मामीपेक्षा सात वर्षांनी मोठा. त्याचं नाव मिफ. इथे हिरो-हिरोइनचे सिनेमे नसतात; माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशन एवढंच. भरवतं सरकार. दर दोन वर्षांनी. पुरस्कार म्हणजे शंख: सोन्याचा आणि चांदीचा. रेड कार्पेटवरचे फोटो पेपरात फारसे येत नाहीत, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो होऊन गेल्यावर कळतो.

गेले काही वीकेंड मी या महोत्सवाबद्दल मिळेल ते वाचत होतो. सुरुवात केली पुरस्कारांच्या यादीपासून, पण वाचता वाचता एका वेगळ्याच प्रश्नात अडकलो. सरकारने भरवलेल्या महोत्सवात सरकारला न आवडणारी फिल्म पहिली येऊ शकते का? आणि आली, तर पुढे काय होतं? याचं उत्तर मुंबईत प्रत्यक्ष घडलेलं आहे, आणि त्यातला महत्त्वाचा भाग प्रभादेवीला, सयानी रोडवर घडलाय. म्हणून हा लेख.

थोडं मागे जाऊ

माहितीपट हा प्रकार काही परदेशातून अलीकडे आलेला नाही. आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच तिथून झाली, आणि ती एका मराठी माणसाने केली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा. व्यवसायाने फोटोग्राफर. १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंचे खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाले. त्यानंतर सावेदादांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला झालेली एक कुस्ती चित्रित केली. रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हाचं त्यांचं स्वागतही सावेदादांनीच टिपलं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला तो १९१३ मध्ये. म्हणजे आपल्याकडे खरी माणसं पडद्यावर आधी आली आणि देव-राजे नंतर!

मग दुसरं महायुद्ध आलं. इंग्रज सरकारला युद्धाच्या प्रचारासाठी फिल्म्स हव्या होत्या, म्हणून १९४० मध्ये फिल्म अ‍ॅडव्हायजरी बोर्ड निघालं. व्ही. शांतारामांनी काही काळ या बोर्डाचं काम पाहिलं. १९४२ मध्ये त्यांनी परळला, वाडिया मूव्हीटोनच्या जागेत, स्वतःची राजकमल कलामंदिर ही संस्था सुरू केली. शांतारामांचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये याच सरकारी यंत्रणेतून फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली. पेडर रोडवर तिचं मोठं आवार. तुमच्या-माझ्या आईवडिलांना विचारा, ते लगेच सांगतील: सिनेमाच्या आधी काळी-पांढरी न्यूजरील लागायची, धरणं, पंतप्रधान, पूर, हरितक्रांती. थिएटरच्या लायसन्समध्येच अट होती की प्रत्येक खेळाबरोबर सरकारमान्य फिल्म दाखवली पाहिजे, आणि वर थिएटरवाल्याने तिचं भाडंही भरायचं. लालबागच्या 'भारतमाता'त गिरणीची पाळी संपवून आलेला कामगार असो की दादरच्या 'प्लाझा'त सहकुटुंब आलेला कारकून, न्यूजरील कोणालाच चुकली नाही. बरेच जण तेवढ्या वेळात बाहेर उभे राहून विडी ओढून घेत, ती गोष्ट वेगळी.

तरी फिल्म्स डिव्हिजनला नुसतं 'सरकारी' म्हणून मोडीत काढणं बरोबर नाही. साठच्या दशकात तिथे काही विलक्षण माणसं होती. सुखदेव, एस. एन. एस. शास्त्री, प्रमोद पती. शास्त्रींचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' (१९६७) बघा. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुलं वीस वर्षांची झाल्यावर देशाबद्दल काय म्हणतात, हे त्यात आहे, आणि ती सगळीच काही गोडगोड बोलत नाहीत. एम. एफ. हुसेन यांनी त्याच काळात फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या लघुपटाला १९६७ मध्ये बर्लिनचं गोल्डन बेअर मिळालं. सरकारी पगारावर, सरकारी रिळावर असली कामं झाली. ती कशी होऊ दिली गेली, हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१९५२: जानेवारी आणि मार्च

भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव कुठे झाला? आज इफ्फी म्हटलं की गोवा, पण तो कायमचा गोव्याला गेला २००४ मध्ये. पहिला झाला मुंबईत, २४ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५२. भरवला होता फिल्म्स डिव्हिजननेच. मुंबईनंतर तो मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्यालाही फिरला. 'बायसिकल थीव्हज', 'मिरॅकल इन मिलान', 'रोम ओपन सिटी' हे इटालियन सिनेमे मुंबईकरांनी तेव्हा पाहिले. भारतातर्फे गेलेल्या चित्रपटांत 'आवारा'सोबत एक मराठी सिनेमा होता: शांतारामांचा, परळच्या राजकमलचा 'अमर भूपाळी'.

या महोत्सवात बक्षिसं नव्हती. स्पर्धाच नव्हती! लोकांनी सिनेमे पाहिले आणि घरी गेले. पण पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला, आणि त्याच्यावर 'बायसिकल थीव्हज'ची छाया आहे हे आजवर प्रत्येक समीक्षकाने लिहून ठेवलंय. महोत्सवाचा खरा परिणाम असा असतो. ट्रॉफी कपाटात राहते, पाहिलेला सिनेमा कुठेतरी उगवतो.

आता गंमत बघा. जानेवारीत सरकारने जगभरचे सिनेमे बोलावले, आणि त्याच वर्षी २१ मार्चला सिनेमॅटोग्राफ कायदा आला. सेन्सॉर सर्टिफिकेटशिवाय सार्वजनिक ठिकाणी फिल्म दाखवता येणार नाही, हे ज्या कायद्यात लिहिलंय तो हाच. त्यात कलम ९ अशी एक सोय आहे: केंद्र सरकारला वाटलं तर ते सूट देऊ शकतं. महोत्सव चालतात ते या सुटीवर. म्हणजे आपण ज्याला महोत्सवाचं स्वातंत्र्य म्हणतो ते कायद्याच्या भाषेत स्वातंत्र्य नसून सवलत आहे, आणि सवलत काढून घेता येते. पुढची सगळी गोष्ट या एका मुद्द्याभोवती फिरते.

शंख आला

१९९० मध्ये फिल्म्स डिव्हिजनने माहितीपटांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. तेव्हा शहराचं नाव बॉम्बे होतं, म्हणून तो 'बिफ'. नंतर 'मिफ' झाला. तोवर माहितीपटवाल्यांना मोठ्या महोत्सवांत एका कोपऱ्यात, दुपारी अडीचच्या खेळाला बसवलं जायचं. इथे पहिल्यांदा ते घरचे यजमान होते.

सर्वोत्तम माहितीपटाला सुवर्णशंख. अलीकडे त्याची रक्कम १० लाख रुपये आहे. रौप्यशंख इतर विभागांना. प्रयोगशील फिल्मसाठी प्रमोद पतींच्या नावाचा पुरस्कार. पदार्पण करणाऱ्या दिग्दर्शकाला दादासाहेब फाळके चित्रनगरीचा पुरस्कार. आणि आयुष्यभराच्या कामासाठी व्ही. शांतारामांच्या नावाचा जीवनगौरव. श्याम बेनेगल (२०१८), संजित नार्वेकर (२०२२), वन्यजीवांवर फिल्म्स करणारे सुब्बय्या नल्लमुथू (२०२४) ही त्यातली अलीकडची नावं. खुद्द शांताराम गेले ते ३० ऑक्टोबर १९९० रोजी, म्हणजे हा महोत्सव सुरू झाला त्याच वर्षी. ज्या माणसाने परळमध्ये स्टुडिओ चालवला आणि ज्याच्या कुटुंबाकडे दादरचा प्लाझा होता, त्याचं नाव या सर्वात मोठ्या सन्मानाला असणं मला योग्य वाटतं.

पण परळचं नाव पुरस्कारात असणं वेगळं आणि परळची माणसं पडद्यावर असणं वेगळं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं कधीच झालं नाही. हे मोडणं कोणी टिपलं? न्यूजरीलने नाही. ते टिपलं स्वतंत्र माहितीपटवाल्यांनी, स्वतःच्या खिशातून किंवा कुठून कुठून पैसे उभे करून. आनंद पटवर्धनांनी 'हमारा शहर'मध्ये (१९८५) फुटपाथ आणि झोपडपट्टीतली माणसं दाखवली, 'ऑक्युपेशन: मिल वर्कर'मध्ये (१९९६) टाळेबंदीतली न्यू ग्रेट ईस्टर्न मिल आत घुसून ताब्यात घेणारे कामगार. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'साचा' (२००१) तर गिरणगावाचं शोकगीतच आहे. त्यात एकीकडे कवी नारायण सुर्वे आणि दुसरीकडे चित्रकार सुधीर पटवर्धन, आणि दोघांच्या मधे हे शहर. चाळीस-पन्नास मिनिटांची फिल्म आहे. लोअर परळच्या एखाद्या काचेच्या इमारतीत तुम्ही काम करत असाल तर जरूर बघा. आपण ज्या जमिनीवर बसून लॅपटॉप उघडतो तिथे आधी काय होतं ते कळेल.

एक बक्षीस, एक अट

फेब्रुवारी २००२. मिफमध्ये आनंद पटवर्धनांची 'जंग और अमन' दाखवली गेली. विषय: मे १९९८ च्या अणुचाचण्या, भारतातला आणि पाकिस्तानातला जल्लोष, आणि त्या जल्लोषाच्या पलीकडची माणसं. ज्या सरकारने चाचण्या केल्या तेच सरकार दिल्लीत होतं, आणि मिफ ज्या माहिती व प्रसारण मंत्रालयाखाली येतो ते मंत्रालयही त्याच सरकारचं. तरी ज्युरीने सर्वोत्तम फिल्मचा पुरस्कार तिलाच दिला.

मला हा या महोत्सवाच्या इतिहासातला सगळ्यात अभिमानाचा क्षण वाटतो. शंख सरकारचा, हॉल सरकारचा, पैसे सरकारचे, आणि निवड मात्र ज्युरीची.

त्यानंतर ही फिल्म सेन्सॉरकडे गेली. तिथे तिला कट सुचवले गेले, वाढत वाढत २१. पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २००३ मध्ये न्यायालयाने एकही कट न करता सर्टिफिकेट द्यायला सांगितलं. म्हणजे महोत्सवात पहिली आलेली फिल्म लोकांना दाखवण्यासाठी वर्षभराहून जास्त काळ भांडावं लागलं.

आणि त्याच वर्षी, २००३ मध्ये, पुढच्या मिफची नियमावली आली. त्यात एक ओळ वाढली होती: भारतीय फिल्म्सना सेन्सॉर सर्टिफिकेट हवं. फक्त भारतीय! परदेशी फिल्म्सना नको.

आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुटलाच फिल्टर बसवला. ज्युरी कितीही स्वतंत्र असो, तिच्यासमोर जे येणारच नाही त्याला ती बक्षीस देणार कशी? ज्युरीवर दबाव आणायची गरजच उरत नाही. फॉर्मवरची एक ओळ सगळं काम करते.

देशभरातले माहितीपटवाले एकत्र आले. एरवी या मंडळींचं आपसात फारसं पटतं अशातला भाग नाही, पण यावेळी शेकडो जणांनी सह्या केल्या, बहिष्काराचा इशारा दिला, आणि सर्टिफिकेटची अट मागे घेतली गेली. जिंकले असं वाटलं. मग निवडीची यादी लागली. त्यात बऱ्याच राजकीय फिल्म्स नव्हत्या, २००२ च्या गुजरात दंगलींवरचा राकेश शर्मांचा 'फायनल सोल्यूशन' नव्हता. दारातून काढलेली सेन्सॉरशिप खिडकीतून आत आली, असा माहितीपटवाल्यांचा आरोप होता. आयोजक म्हणत होते की निवड गुणवत्तेवर झाली. ज्यांच्या फिल्म्स निवडल्या गेल्या होत्या त्यांच्यापैकी काहींनी आपल्या फिल्म्स परत घेतल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. आपलं तिकीट कन्फर्म असताना वेटिंगवाल्यांसाठी गाडीतून उतरणारे किती असतात?

सयानी रोड, फेब्रुवारी २००४

प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिराच्या रस्त्यावर भूपेश गुप्ता भवन आहे. मराठी वाचकाला ते लोकवाङ्मय गृहामुळे माहीत असतं. फेब्रुवारी २००४ मध्ये, मिफच्याच दिवसांत, तिथे समांतर महोत्सव भरला. नाव 'विकल्प: फिल्म्स फॉर फ्रीडम'. मिफने नाकारलेल्या आणि मिफमधून काढून घेतलेल्या फिल्म्स, पन्नासहून जास्त. प्रवेश सगळ्यांना. ज्युरी नाही, शंख नाही, बक्षीस नाही. १९५२ च्या पहिल्या महोत्सवासारखंच, नुसतं बघायचं आणि बोलायचं.

हे २००४ मध्येच का जमलं, दहा वर्षं आधी का नाही? माझ्या मते त्याचं अर्धं उत्तर तंत्रज्ञानात आहे. जोवर फिल्म रिळावर होती तोवर ती दाखवायला थिएटर लागायचं, प्रोजेक्टर लागायचा, ऑपरेटर लागायचा, आणि थिएटर म्हटलं की लायसन्स. सरकारचा हात फिल्मवर नव्हता, लायसन्सवर होता. डिजिटल कॅमेरे आणि डीव्हीडी आल्यावर कोणताही हॉल, पांढरी भिंत आणि भाड्याचा प्रोजेक्टर पुरेसा झाला. 'फायनल सोल्यूशन'च्या बाबतीत तर राकेश शर्मांनी सीडी मोफत वाटल्या आणि लोकांना सांगितलं, कॉपी करा आणि पुढे द्या! ओपन सोर्सवाल्यांना ही कल्पना नवीन नाही, पण फिल्मच्या जगात तेव्हा ती धाडसाची होती.

उरलेलं अर्धं उत्तर जागेचं आहे. हॉल देणारं कोणीतरी लागतं. गिरणगावाच्या आसपास युनियनची कार्यालयं, पक्षांची सभागृहं, प्रकाशनसंस्था, नाट्यगृहं असं सगळं पायी अंतरावर होतं. चळवळीने पन्नास-साठ वर्षांत उभ्या केलेल्या जागा होत्या त्या. गिरण्या गेल्या तरी हॉल शिल्लक होते, म्हणून विकल्पला छप्पर मिळालं.

त्याच फेब्रुवारीत 'फायनल सोल्यूशन'ला बर्लिनमध्ये दोन पुरस्कार मिळाले. पुढे सेन्सॉरने त्याला आधी सर्टिफिकेट नाकारलं, मग ऑक्टोबर २००४ मध्ये विनाकट दिलं, आणि काही वर्षांनी राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला विशेष ज्युरी पुरस्कारही मिळाला. म्हणजे एकाच देशाच्या एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली एक फिल्म नाकारली जाते, अडवली जाते आणि गौरवली जाते. सरकार म्हणजे एकच माणूस नसतो, हे आपण विसरतो.

त्यानंतर

गोष्ट इथे संपली असती तर सोपं झालं असतं: सरकार वाईट, विकल्प चांगला. पण तसं नाही. २०१२ मध्ये पटवर्धनांच्याच 'जय भीम कॉम्रेड'ला मिफमध्ये पुरस्कार मिळाला. १९९७ चा रमाबाई नगरचा गोळीबार आणि शाहीर विलास घोगरे यांच्यापासून सुरू होणारी, तीन तासांहून मोठी, चौदा वर्षं घेतलेली फिल्म. त्याच वर्षी फिल्म्स डिव्हिजनने पेडर रोडच्या आवारात 'एफडी झोन' नावाने मोफत खेळ सुरू केले आणि ते ठरवायला स्वतंत्र माहितीपटवाल्यांनाच बोलावलं. आठ वर्षांपूर्वी सयानी रोडला बसलेली मंडळी आता पेडर रोडच्या हॉलमध्ये चर्चा करत होती. काही वर्षं ते छान चाललं.

मग पुन्हा उलटं. २०१८ मध्ये ॲम्स्टरडॅमला सर्वोत्तम ठरलेली पटवर्धनांची 'विवेक' २०२० च्या मिफमध्ये घेतली गेली नाही आणि निवडीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन ही संस्थाच एनएफडीसीत विलीन झाली. आता महोत्सव एनएफडीसी भरवते. आवार तेच, त्यातच २०१९ पासून गुलशन महालात सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालयही आहे.

आणि जून २०२४ च्या अठराव्या मिफमध्ये सुवर्णशंख कोणाला मिळाला? निष्ठा जैन यांच्या 'द गोल्डन थ्रेड'ला. विषय: बंगालमधल्या तागाच्या गिरण्या आणि त्यात अजूनही जुन्या यंत्रांवर काम करणारे कामगार. ज्या शहरातल्या गिरण्यांची चिमणी आता मॉलच्या आवारात शोभेला उभी आहे, त्या शहरात गिरणीवरच्या फिल्मला पहिलं बक्षीस.

हे सगळं वाचून माझं मत असं झालंय की एखाद्या महोत्सवाची किंमत त्याच्या विजेत्यांच्या यादीवरून ठरवू नये. विजेत्यांत 'जंग और अमन' आहे, 'जय भीम कॉम्रेड' आहे, यादी चांगलीच आहे. पण कोणाला फॉर्म भरता आला आणि कोणाला नाही, ही दुसरी यादी कुठेच छापली जात नाही. ती बघितली तर २००२ चा मिफ आणि २००४ चा मिफ हे दोन वेगळे महोत्सव दिसतात, शंख तोच असला तरी. कलम ९ ची सवलत आजही सवलतच आहे. २०१७ मध्ये केरळच्या माहितीपट महोत्सवात तीन फिल्म्सना ती नाकारली गेली होती. त्यामुळे २००४ सारखं पुन्हा होऊ शकतं. तेव्हा प्रोजेक्टर मिळेल, फिल्म तर काय मोबाइलवरही येईल. पायी अंतरावरचा हॉल मिळेल का, एवढाच प्रश्न आहे.

पुढचा मिफ लागला की नावनोंदणी करा आणि एक सुट्टी त्यासाठी ठेवा. आत काय दाखवतायत ते बघाच. आणि बाहेर आल्यावर कोणीतरी चहाच्या टपरीवर 'माझी फिल्म घेतली नाही' म्हणत उभा असेल, तर त्याची लिंक मागून घ्या.